बिस्किटाच्या डब्यातली सहा पेनं

वासुकाका,

काल तुमची तेरवी झाली. जेवणं उरकल्यावर मांडवात पाचसहा जण सुपारी कातरत बसले होते. त्यातलं कोणीतरी म्हणालं, "मानूस एक नंबर होता जी. फक्त त्या कम्प्युटरच्या पाट्या काही जमल्या नाही त्याले." माना हलल्या. माझीही हलली. इतक्या वर्षांची सवय. हे आधीच सांगून टाकते, कारण हे सगळं त्या हललेल्या मानेपायीच लिहिते आहे.

तुम्ही गेल्याचं दुःख आहेच. पण दुःखाच्या आधी राग येतो, आणि त्याला माझा इलाज नाही. जिवंतपणीही तुम्ही माणसाला असंच करायचात. सरळ प्रश्न विचारला की तुम्ही पेचकस उचलून स्क्रू पिळायला लागायचात. दुसऱ्यांदा विचारला की चहा मागवायचात. तिसऱ्यांदा विचारला की म्हणायचात, "मास्तरीणबाई, घाई कायची हाये?" आता बघा, घाई कशाची होती ते.

नवेगाव बांधच्या बसथांब्याजवळचं तुमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मी शाळेत होते तेव्हापासून पाहत आले. एका भिंतीला पाठ उघडी टाकलेले टीव्ही, समोरच्या भिंतीला खिळ्यावर लटकणारं अर्धवट जाळं. तुमच्या घरात सगळे तलावावर मासे धरणारे. तुम्ही तलाव सोडून सोल्डरिंग गन धरलीत, पण जाळं काही सुटलं नाही. गन तापेपर्यंत दोन ओळी विणून घ्यायच्या, अशी तुमची रीत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी तुमचं आपलं चालूच. माझे बाबा तुमचे दोस्त आणि गावातले पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते त्या दिवसांत नाटकांचे पडदे. बाबांनी रंगवलेल्या पडद्यावरच्या राजवाड्याला तुम्ही नेहमी नाव ठेवायचात, "तुझ्या राजाच्या घरी संडास नाही न्‌ खिडक्या चाळीस!"

मग फ्लेक्स आलं. ब्रशवर चालणारी घरं कशी गप्प झाली ते तुम्ही पाहिलंत. बाबा कोहमाऱ्याला एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला जाऊ लागले, आणि तिथे त्यांच्या हातात माऊस आला. एका संध्याकाळी ते तुमच्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "विटेनं अक्षर लिहायले लावतात रे वासू."

"मंग वीट कायले धरून राहिला? थांब, मी पेन करून देतो."

बाबांना वाटलं तुम्ही थट्टा करताय. मला तर वाटलंच. पण तुम्ही आठ महिने दुकानाचं अर्धं शटर ओढून बसलात. नागपूरहून जुने माऊस आणून फोडलेत, रेडिओ फोडलेत, काकूंची एक ताटली फोडलीत, ती कशासाठी ते अजून कळलेलं नाही. आणि एक दिवस ती पाटी बाबांच्या मांडीवर ठेवलीत. वर गुळगुळीत सनमायका, खाली केसासारख्या तांब्याच्या तारांचं जाळं, जाळं विणायच्याच सुईनं आणि बांबूच्या त्याच मापपट्टीनं विणलेलं. पेन बारीक बांबूचं. आत तारेची गुंडाळी, घड्याळाचा सेल, सांध्याला जंगलातली लाख. पाटीची वायर संगणकाला जोडली की संगणकाला तो माऊसच वाटायचा. बाबांनी पेन टेकवून "अ" काढला, त्याच्या नेहमीच्या डौलदार पोटासकट, आणि तो तसाच समोर उमटला. बाबांनी तो आणखी दोनदा गिरवला. मग म्हणाले, "वासू, गुदगुल्या होतात बे."

त्याच पाटीवर मी शिकले. सुट्टीच्या दिवशी फ्लेक्सच्या दुकानात बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून. आमच्या घरात पदवीपर्यंत कोणी गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म भरायला गोंदियाला जायचं तर बाबांना ऑफिस म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून तुम्ही आलात. खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, "किसके साथ आई हो?" मी काही बोलायच्या आत तुम्ही पुढे झालात. "हमारी पोरी है साहब. मशीन पे चित्र निकालती है." क्लार्कला काहीच कळलं नाही, पण तुमच्या आवाजातल्या ऐटीमुळे त्यानं फॉर्म मात्र लगेच घेतला. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. तुम्ही संधीच दिली नाहीत, किंवा आपण दोघं भांडणातच इतके गुंतलो की बोलायचं राहिलं.

कारण पुढे मी गावातल्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले, कंत्राटावर, आणि माझ्याच डोक्यात आलं की संगणकाच्या खोलीत सहा संगणक आहेत, तर तुमच्या सहा पाट्या हव्यात. तुम्ही आधी दोन केल्यात. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून आपण काढायला बसलो तर माझी रेघ तुमच्या पडद्यावर आणि तुमची माझ्या. तुम्ही खोकला लागेपर्यंत हसलात. "दोघी बहिनी हायेत. एक बोलून राहिली, दुसरी ऐकून राहिली." मला हसू आलं नाही. मला वर्ग दिसत होता. मी म्हटलं, "काका, हे नीट झालं पाहिजे." तुम्ही म्हणालात, "होते." तीन महिन्यांनी सहा पाट्या घेऊन आलात. काकूंनी जुन्या लुगड्याच्या सहा पिशव्या शिवलेल्या, एकेका पिशवीत एक पाटी आणि तिचं पेन. वर्गात सहाही लावल्या. एकीचं दुसरीला ऐकू गेलं नाही.

निघताना तुम्ही दारात थांबून म्हणालात, "पेन पाटीपासून तोडू नको हं. रुसते."

आणि मी, शिकलेली बाई, मनात हसले. तुमच्या घरी मी काय काय ऐकलं होतं! जाळं ओलांडू नये, तलावावर शिट्टी वाजवू नये, नवीन जाळं पहिल्या दिवशी एकट्यानं टाकू नये. त्याच रांगेत मी हेही बसवलं. तरी विचारलं, "रुसते म्हणजे नेमकं काय होतं?"

"रुसते म्हंजे रुसते. मानूस रुसत नाही का?"

"मग निदान नंबर तरी टाका. एक ते सहा. पेनवर पण न्‌ पाटीवर पण."

"नंबर कैद्याले असते, पोरी."

"आणि हा दोरा कशाला गुंडाळला पेनच्या शेपटाला? पाटीच्या कोपऱ्याला पण आहे. शोभेला?"

"असू दे."

असू दे! काका, त्या दोन शब्दांच्या जागी तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर! पूर्ण वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद असलेलं. मी चित्रकलेची बाई, विज्ञानाची नाही. पण "प्रत्येक पाटी फक्त आपल्याच पेनचं ऐकते, रेडिओचं स्टेशन लावतात तशी" एवढं मला समजलं असतं. तुम्हाला ते सांगता येत नव्हतं असं नाही. गावातल्या प्रत्येक म्हातारीला तुम्ही अँटेना समजावून सांगितली होती. मलाच का रुसव्या-फुगव्याच्या भाषेत सांगितलंत? मी घरचीच म्हणून?

गोंदियाच्या प्रदर्शनाचं ठरलं. जिल्ह्याचे साहेब येणार, त्यांना आवडलं तर बाकीच्या शाळांनाही तुमच्या पाट्या लागणार, तुम्हाला मोठी जागा घ्यावी लागणार, बाबा तुमच्याकडे येणार, हे सगळं आपण दुकानात बसून कितीदा बोललो होतो. जीपमध्ये मुलं जास्त झाली म्हणून तुम्ही आपली जागा सोडलीत आणि बसनं यायला निघालात. आदल्या दिवशी सामान मी बांधलं. जीपच्या धक्क्यांत पेनं मोडतील, मुलं हरवतील, असं वाटून मी पिशव्यांतून सहाही पेनं काढली आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून नीट आडवी ठेवली. मला स्वतःच्या टापटिपीचं कौतुकही वाटलं.

पुढचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे, कारण कोहमाऱ्याला तुमची बस चुकली. मी पाट्या मांडल्या, डबा उघडला आणि मुलांना एकेक पेन वाटलं. साहेब आले. एका मुलीनं सारस काढायला घेतला. तिच्या पडद्यावर काहीच नाही आणि शेजारच्या मुलाच्या बैलाच्या पाठीवर सारसाची मान, तीही तुटक तुटक. तिसऱ्याच्या झाडाला चौथ्याच्या घराचं दार. मुलं आधी घाबरली, मग फिदीफिदी हसायला लागली. साहेबही हसले. "मॅडम, ये तो सबका चित्र सबके पास जा रहा है!" मग माझी कीव येऊन म्हणाले, "कन्सेप्ट अच्छा है."

मुख्याध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सामान कोणी बांधलं होतं?" माझी नोकरी पक्की व्हायचा कागद त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर होता. मी डब्यातला कापूस सारखा करत राहिले. नेमके तेव्हाच तुम्ही दारातून आलात, धुळीनं भरलेले, हातात पाण्याची बाटली. तुम्ही टेबलावरची दोन पेनं उचललीत, शेपटावरून अंगठा फिरवलात. डब्याकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. आणि म्हणालात, "साहेब, मिस्टेक माझी हाये. पाट्या कच्च्या हायेत अजून."

साहेब पुढच्या टेबलाकडे गेले. पाट्या परत आल्या आणि शाळेच्या कपाटात गेल्या, त्या गेल्याच. पंधरा दिवसांत माझी नोकरी पक्की झाली. तुम्ही मला पेढे मागितलेत आणि मी ते रागाने दिले.

रागानेच! कारण मला वाटलं, बहिणी परत एकमेकींचं ऐकून राहिल्या. तीन महिने घेऊन तुम्ही तो दोष काढलाच नव्हता, नुसता झाकला होता. पुढे कित्येक वर्षं मी तुम्हाला ऐकवत राहिले. तुम्ही दोनदा शाळेत आलात, मुख्याध्यापकांनी "आता राहू द्या" म्हणून परत पाठवलं. मला म्हणालात, "पेना आपापल्या पाटीपाशी ठेव न्‌ मंग पाह्य. पाट्या बराबर हायेत."

"बरोबर आहेत? मग साहेबांसमोर कच्च्या आहेत असं काऊन म्हणालात?"

तुम्ही पेचकस उचललात.

"सांगा ना काका. कच्च्या आहेत का बरोबर आहेत? दोन्ही कसं असेल?"

तुम्ही चहा मागवलात.

त्या दुकानात मी हा प्रश्न किती वेळा विचारला असेन? बाबांसमोर विचारला, गिऱ्हाइकांसमोर विचारला. एकदा तर म्हटलं, "तुम्हाला काम पूर्ण करायची सवयच नाही, जाळं पण अर्धवट लटकलेलं असतं." तुम्ही जाळ्याकडे पाहून म्हणालात, "हव, हे खरं हाये." मला तेव्हा वाटलं मी जिंकले.

शेवटच्या दुखण्यात मी भेटायला आले तेव्हा तुम्ही खाटेवरून विचारलंत, "कपाट उघडलं का वं?" मी म्हटलं, "काका, आता कोण वापरतं ते? मुलं मोबाइलवर बोटानं काढतात." बोलून झाल्यावर मला तुमचा चेहरा दिसला. पण तोवर मी पुढचं, औषधाचं वगैरे, बोलायला लागले होते.

गेल्या आठवड्यात शाळेतलं ते कपाट भंगारात काढायचं ठरलं. पाट्या माझ्याच्यानं टाकवल्या नाहीत, त्या पिशव्यांसकट मी संगणकाच्या खोलीत ठेवल्या. पेनांचा डबा काल तेरवीला घेऊन आले, म्हटलं काकूंना तुमच्या हातची आठवण. पाहुणे पांगले होते. काकूंनी डबा उघडला, एक पेन घेतलं, पदरानं पुसलं आणि शेपटावरून अंगठा फिरवला, अगदी तुमच्यासारखा.

"हे तिनाची हाये," त्या म्हणाल्या.

"तिनाची म्हणजे?"

"तीन गाठी नाही का दोऱ्याले? बांधावर साऱ्याइची जाळी संगंच वाळतात. मंग कोनाचं कोनतं कसं समजन? कोपऱ्याले गाठी मारतात. आमच्या घरच्या जाळ्याले पाच." त्यांनी दुसरं उचललं. "हे पाचाची. पाटीच्या कोपऱ्यालेबी मारल्या होत्या यायनं. पिशव्या म्या शिवल्या, पेना मोजून यायनंच टाकल्या. काऊन? तुले नाही सांगितलं?"

मी डब्यातली उरलेली चार पेनं काढून गाठी मोजायला लागले.

आज रविवार. सकाळी काकूंकडून डबा परत मागून घेतला, शाळेची किल्ली घेतली, नवे सेल घेतले, बाबांना सोबत घेतलं. पाट्यांच्या कोपऱ्यांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. एक गाठ, दोन गाठी, तीन. बारीक, घट्ट, ज्यांना मी इतकी वर्षं शोभा समजत होते. पेनं जुळवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. काका, पाच मिनिटं! जुन्या संगणकांपैकी चार सुरू झाले. चारही पाट्या एका बाकावर खेटून ठेवल्या, जितक्या जवळ ठेवता येतील तितक्या. चाराच्या पाटीवर मी सारस काढला. पंख, पाय, ती लांब मान. माझ्या डोळ्यांदेखत तो माझ्याच पडद्यावर उभा राहिला. शेजारचे तिन्ही पडदे कोरे.

मग बाबा तिनाच्या पाटीपुढे बसले. त्यांनी "अ" काढला. वयानं थोडा वाकडा, पण पोट तेच. तो फक्त त्यांच्या पडद्यावर उमटला. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्याले त्याच दिवशी समजलं होतं मंग."

हो. तुमचा अंगठा, तुमची नजर, डबा, मी. सगळं त्या दोन क्षणांत झालं होतं. आणि एवढी वर्षं मी विचारत राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं, माझं नाव. ते तुम्हाला घ्यायचं नव्हतं.

याबद्दल मी कृतज्ञ असायला हवं, आणि आहे. पण काका, हे काही बरोबर केलं नाहीत तुम्ही. त्या दिवशी माझी नोकरी वाचवलीत, ठीक. पंधरा दिवसांनी पेढा खाताना सांगायचं होतं. वर्षानं सांगायचं होतं. मी कपाट उघडून सहा पिशव्या पुन्हा भरल्या असत्या, साहेबांकडे स्वतः गेले असते. तुमच्या मोठ्या जागेत बाबा बसले असते. मला लाज वाटू नये म्हणून तुम्ही तुमच्या हातचं काम वाईट ठरवू दिलंत, आणि ते ठरवणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. एवढा मोठा भार मला न विचारता माझ्यासाठी उचलायचा, हा तुमचा कसला न्याय? खाटेवरूनसुद्धा नुसतं "कपाट उघडलं का वं?" तेव्हा तरी म्हणायचं होतं, "डबा तू भरला होतास." मी सहन केलं असतं. मी आता लहान नाही.

तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी बोलणार आहे. उद्या परिपाठाच्या वेळी चार पाट्या मैदानात मांडता येणार नाहीत, पण एक पाटी आणि तो डबा घेऊन मी सगळ्या शाळेसमोर उभी राहणार आहे. वासू मिस्तरींच्या पाट्या पहिल्या दिवसापासून पक्क्या होत्या आणि पेनं मी मिसळली होती, हे सांगणार आहे. मग दुपारी त्या सुपारीवाल्यांकडेही जाणार आहे, एकेकाच्या घरी. काल हललेली प्रत्येक मान मला आठवते.

आणि अजून एक. पेनं आपापल्या पिशव्यांत घातली आहेत. पण घालण्याआधी मी काळा मार्कर आणला आणि तुमच्या गाठींच्या शेजारी, पेनवरही आणि पाटीवरही, एक ते सहा आकडे ठळक टाकले आहेत. कैद्यांसारखे. बाबा म्हणाले, वासू चिडला असता.

चिडा. मी वाट पाहते आहे.

तुमची,
मास्तरीण